पीसी शट डाऊन केला तरी कीबोर्ड-माउसची लाइट चालूच, घालवली तरी काही महिन्यांनी परत येते

आमचं घर भांडुपला, वन रूम किचन. कॉम्प्युटरचं टेबल हॉलमध्येच आणि टेबलाला लागून सासूबाईंची कॉट, दुसरीकडे ठेवायला जागाच नाही. मी घरून अकाउंट्सचं काम करते त्यामुळे महिन्याच्या २० तारखेच्या आधी जीएसटीच्या रिटर्नची घाई असते तेव्हा रात्री बारा-एक वाजेपर्यंत बसावं लागतं, मग पीसी शट डाऊन करायचा, ट्यूबलाइट बंद करायची आणि बघायचं तर अख्ख्या हॉलमध्ये लाल-निळा उजेड. कीबोर्डच्या बटणांखालची लाइट तशीच, माउसची लाइट तशीच, वर पंख्याच्या पात्यांवर ते रंग फिरताना दिसायचे. स्क्रीन काळी, कॅबिनेटचा पंखा बंद, म्हणजे पीसी खरंच बंद झालेला, तरी हे चालू. आईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उजेड अजिबात सहन व्हायचा नाही. एका रात्री त्या म्हणाल्या, "अगं, तो तुझा कॉम्प्युटर झोपत नाही का कधी? डोळ्यावर येतंय माझ्या." मी त्या रात्री कीबोर्डवर टॉवेल टाकला आणि सकाळी ठरवलं की हे नीट समजून घ्यायचं.

तेव्हापासून आजपर्यंत हा प्रॉब्लेम माझ्याकडे चार वेळा आलाय. चारही वेळा लक्षण तेच आणि दर वेळी निमित्त वेगळं. म्हणूनच एवढं सविस्तर लिहितेय, कारण ज्यांना हा त्रास होतो ते एक सेटिंग बदलतात, लाइट जाते, काही महिन्यांनी परत येते आणि मग माणसाला वाटतं मदरबोर्डच, म्हणजे कॅबिनेटमधला मुख्य सर्किट बोर्डच, बिघडला. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं. आधी ही लाइट पेटवणारी पाच व्होल्टची वीज नेमकी कुठून येतेय ते शोधायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा, एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

तर आधी हे येतं कुठून ते सांगते. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे तो मागे वायर लावायचा पत्र्याचा डबा, तो शट डाऊन केल्यावर पूर्ण बंद होत नाही. त्याच्यातून एक छोटी लाइन कायम चालू राहते, पाच व्होल्टची, तिला फाइव्ह व्ही स्टँडबाय म्हणतात. कॅबिनेट उघडलंत तर मदरबोर्डला जाणारा जो २४ पिनांचा जाड कनेक्टर आहे त्यात एक जांभळी वायर दिसेल, ९ नंबरच्या पिनेवर, तीच ही. ती चालू ठेवायला कारण आहे. तुम्ही पुढचं बटण दाबता ते काही थेट वीज चालू करणारं बटण नाही, ते फक्त मदरबोर्डला इशारा देतं आणि मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो की आता सगळं चालू कर, मग तो इशारा ओळखायला मदरबोर्डमध्ये थोडी तरी वीज जागी हवी ना. बऱ्याच बोर्डांवर पीसी बंद असतानाही एखादी बारीक लाइट पेटलेली असते ती याच लाइनवर. आणि याच लाइनवरून यूएसबी पोर्टांनाही पाच व्होल्ट देता येतात, म्हणजे कीबोर्डचं बटण दाबून पीसी चालू करता यावा, बंद पीसीवर फोन चार्ज व्हावा वगैरे. आपल्याला ते नको असतं तरी कित्येक बोर्डांवर ते कारखान्यातूनच चालू असतं.

विजेच्या बिलासाठी हे करायला जाऊ नका. समजा बंद पीसी आणि या लाइटी मिळून २ वॅट खातायत आणि दिवसाचे १६ तास पीसी बंद आहे, तर वर्षाचे होतात साधारण १२ युनिट. त्यासाठी डोकं लावायची गरज नाही. झोपमोड, अंधारात चमकणारा उजेड, यूएसबीचा पंखा रात्रभर फिरत राहणं, एक्सटर्नल हार्ड डिस्क पीसी बंद झाल्यावरही घरघरत राहणं, यासाठी मात्र नक्की करा.

आता पहिली टेस्ट, आणि ही सगळ्यांनी आधी करा, सेटिंगला हात लावायच्या आधी. पीसी शट डाऊन करा, मिनिटभर थांबा. मग भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करू नका, पीसीची मागची पॉवर केबल सरळ ओढून काढा, फक्त पीसीची, मॉनिटरची वगैरे राहू द्या. कीबोर्डकडे बघत बसा. लाइट लगेच जाणार नाही, एसएमपीएसच्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, काही सेकंद लागतात, हळूहळू मंद होत जाते. पुढचं पॉवर बटण एकदा दाबलं तर लवकर जाते. गेली, म्हणजे वीज पीसीच्या स्टँडबाय लाइनवरूनच येत होती आणि इलाज बायोसमध्ये (मदरबोर्डचा स्वतःचा, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) किंवा विंडोजमध्ये आहे. नाही गेली, म्हणजे वीज पीसीतून येतच नाहीये, दुसरीकडून येतेय, आणि मग बायोसमध्ये कितीही फिरलात तरी उपयोग नाही. हा फरक किती महत्त्वाचा ते मला चौथ्या वेळेला कळलं आणि तोपर्यंत बराच वेळ वाया गेला होता.

अजून एक, घरातला तो पेचकससारखा नियॉन टेस्टर यूएसबीला लावून बघू नका, तो २३० व्होल्टसाठी आहे, पाच व्होल्टवर तो पेटणारच नाही आणि तुम्हाला वाटेल वीज नाहीये. सगळ्यात सोपं म्हणजे यूएसबीची छोटी एलईडी लाइट मिळते ती एकेका पोर्टात घालून बघा. मी लॅमिंग्टन रोडवरून यूएसबीचा छोटा मीटर आणला, पेनड्राइव्हएवढा असतो, पोर्टात घातला की व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. पीसी बंद असताना माझ्या मागच्या सहाही पोर्टांवर पाच पॉइंट शून्य काहीतरी दाखवत होता.

पहिल्या वेळची गोष्ट. बायोसमध्ये जायचं, पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ टू दाबत राहायचं, डेलला एफ टू, एचपीला एफ टेन, लेनोवोच्या थिंकपॅडला एफ वन. तिथे ईआरपी नावाचं सेटिंग शोधायचं. हे नाव युरोपातून आलंय, तिथे नियमच आहे की बंद केलेल्या उपकरणाने किती वीज खावी, २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून अर्धा वॅट, आणि तो नियम पाळता यावा म्हणून बोर्डवाल्यांनी हे सेटिंग दिलं. ते चालू केलं की बंद पीसीत यूएसबीची वीज तोडली जाते. आसुसच्या बोर्डावर ॲडव्हान्स्डमध्ये एपीएम कॉन्फिगरेशन, त्यात ईआरपी रेडी. एमएसआयवर सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, पॉवर मॅनेजमेंट सेटअप, त्यात ईआरपी रेडी. गिगाबाइटच्या नव्या बोर्डांवर सेटिंग्जमध्ये प्लॅटफॉर्म पॉवर, जुन्यांवर पॉवर मॅनेजमेंट. एएसरॉक त्याला डीप स्लीप म्हणतं, डेल डीप स्लीप कंट्रोल, आणि एचपीच्या ऑफिसवाल्या मशिनांत एस फाइव्ह मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज. नावं वेगळी, काम एकच. आसुसवर आरजीबी लाइट बंद करायचंही एक वेगळं सेटिंग असतं, ते बोर्डाच्या स्वतःच्या लाइटसाठी आहे, तेवढं बदलून यूएसबीची वीज जात नाही, त्यात अडकू नका.

माझ्या बोर्डावर तीन पर्याय होते, त्यातली एस फोर, एस फाइव्ह ही पीसी किती बंद आहे त्या पातळ्यांची नावं. बंद, एस फाइव्हमध्ये चालू, आणि एस फोर अधिक एस फाइव्हमध्ये चालू. मला वाटलं एस फाइव्ह म्हणजे शट डाऊन, मला तेवढंच हवंय, म्हणून ते निवडलं, सेव्ह केलं, शट डाऊन केलं, आणि लाइट चालूच! तीनदा केलं, चालूच. केबल ओढली की जायची, म्हणजे वीज पीसीतूनच येत होती हे नक्की होतं.

कारण निघालं विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून हे आहे आणि सहसा आपोआप चालू असतं. यात तुम्ही शट डाऊन दाबता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, तुम्ही लॉगआउट होता, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर लिहून ठेवला जातो म्हणजे पुढच्या वेळी पटकन चालू व्हावा. थोडक्यात ते अर्धं हायबरनेट असतं, हायबरनेट म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पीसी बंद करणं. आणि हायबरनेट म्हणजे एस फोर, एस फाइव्ह नव्हे. मी बायोसला सांगितलं होतं एस फाइव्हमध्ये वीज तोड, आणि विंडोज त्याला एस फोरमध्ये पाठवत होतं, मग बायोसचं काही चुकलं नव्हतं, त्याने सांगितलं तेच केलं.

हे तुमच्याकडे आहे का ते बघायला काही बदलावं लागत नाही. कीबोर्डवरचं शिफ्ट दाबून धरा आणि तसंच धरून शट डाऊनवर क्लिक करा, यात फास्ट स्टार्टअप वगळून पूर्ण शट डाऊन होतं. तेव्हा लाइट गेली आणि साध्या शट डाऊनला राहिली तर कारण सापडलं. मग दोन रस्ते. एक तर बायोसमध्ये एस फोर अधिक एस फाइव्हवालं निवडा. नाहीतर विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणांनी काय करायचं ते निवडा अशी ओळ असते तिथे जा, वर निळ्या अक्षरात सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग बदला असं असतं ते दाबा, त्याशिवाय खालचे चौकोन करडेच राहतात, आणि मग फास्ट स्टार्टअपची टिक काढा. मी तेव्हा टिक काढली. लाइट गेली. आई त्या रात्री नीट झोपल्या आणि सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "आज बरं वाटलं गं." मला वाटलं झालं काम.

दुसरी वेळ साताठ महिन्यांनी आली. जुनी हार्ड डिस्क खूप हळू चालायला लागली म्हणून एसएसडी घेतली, विंडोज नव्याने टाकलं, सगळं एकदम फास्ट, आणि रात्री हॉलमध्ये परत उजेड. बायोसमध्ये जाऊन बघितलं तर ईआरपी जागच्या जागी चालू. मला काही कळेना. मग शिफ्ट धरून शट डाऊन केलं आणि डोक्यात प्रकाश पडला, नवीन विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप परत चालू होतं, कारण मुळातच ते चालू येतं, मी काढलेली टिक जुन्या विंडोजबरोबर गेली होती. म्हणून माझं आता स्पष्ट मत आहे, बायोसमध्ये दोन पर्याय असतील तर एस फोर अधिक एस फाइव्हच निवडा, मग विंडोजने काहीही केलं तरी फरक पडत नाही. एस फाइव्हवर ठेवून विंडोजची टिक काढणं म्हणजे दोन ठिकाणी लक्ष ठेवणं आलं.

इथेच डिव्हाइस मॅनेजरबद्दल सांगते कारण ज्याला विचारावं तो हेच सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंटची टॅब, तिथे वीज वाचवायला कॉम्प्युटरला हे डिव्हाइस बंद करू द्या असा चौकोन असतो. तो चालू पीसीसाठी आहे, वापरात नसलेलं डिव्हाइस झोपवायला. शट डाऊन झाल्यावर विंडोजच राहत नाही तर त्याची टिक काय करणार. मी प्रत्येक हबवर जाऊन ती टिक लावली होती, एक संध्याकाळ गेली त्यात. त्याच्याच खालचा दुसरा चौकोन, हे डिव्हाइस कॉम्प्युटरला जागं करू शकतं वाला, तो मात्र कामाचा आहे, पण वेगळ्या त्रासासाठी, म्हणजे स्लीपमध्ये टाकलेला पीसी रात्री आपोआप जागा होत असेल, टेबलाला धक्का लागला आणि माउस हलला की स्क्रीन पेटत असेल, तर माउसवरची ती टिक काढा. आणि हो, तुम्ही शट डाऊन न करता नुसतं स्लीप करत असाल तर ईआरपीचा काहीच उपयोग नाही, स्लीपमध्ये यूएसबीला सहसा वीज राहतेच, तिथे कीबोर्डच्या स्वतःच्या बटणाने लाइट बंद करायची, बहुतेक लाइटवाल्या कीबोर्डांवर एफएन आणि कुठलंतरी एक बटण मिळून ते होतं. स्वस्त माउसला तसं बटण बहुतेक नसतंच.

तिसरी वेळ गणपतीनंतरची. आम्ही कुडाळला गावी गेलो, दहा-बारा दिवस घर बंद, जाताना नवऱ्याने मेन स्विचच पाडला, तो दरवर्षी पाडतो आणि बरोबरच आहे, पावसाळ्यात बंद घरात वीज कशाला चालू ठेवायची. परत आलो, पीसी चालू केला तर स्क्रीनवर बायोसचा काहीतरी मेसेज, एफ वन दाबा म्हणून, तारीख कितीतरी वर्षं जुनी दाखवत होता, इंटरनेटवरच्या साइट उघडेनात कारण तारीख चुकली की ब्राउझर सर्टिफिकेट मानत नाही. तारीख दुरुस्त केली, काम झालं, रात्री शट डाऊन केलं आणि परत तो उजेड.

हे कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण ते कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. मदरबोर्डवर एक गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा दिसतो. घड्याळ चालू ठेवायला तो असतो, आणि बऱ्याच बोर्डांवर तो संपला की बायोसची सेटिंगही मूळपदावर जातात. मूळपदावर म्हणजे ईआरपी बंद. पीसीची केबल लावलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळाला वीज त्या जांभळ्या वायरीकडून मिळते, सेल नुसता बसून असतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की घड्याळ सेलवर येतं. आमच्याकडे ईआरपीचं कळायच्या आधी दोनेक वर्षं रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं जायचं, आणि त्यात गावाला गेलो की दहा-बारा दिवस सलग. सेल आधीच दमलेला, या वेळी गेला. मीटर लावून बघितला तर २.३ व्होल्ट. नवीन सेल तीनच्या थोडा वर दाखवतो.

बदलायला कठीण नाही. केबल काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटचं झाकण उघडा, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावा म्हणजे अंगावरची स्टॅटिक जाईल. सेलच्या कडेला एक छोटी पत्र्याची जीभ असते ती नखाने बाजूला केली की सेल टुणकन वर येतो. लिहिलेली, अधिकची बाजू वर ठेवून नवीन बसवा. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, आमच्या स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याने तर त्याच्या मीटरवर तपासून दिला. मग बायोसमध्ये जाऊन तारीख, ईआरपी आणि अजून जे काही तुम्ही बदललं असेल ते परत लावा. मी आता बायोसच्या त्या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवलेत, शिवाय ईआरपी, एस फोर अधिक एस फाइव्ह असं एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलाय, सेल बदलल्याची तारीखही तिथेच. बायोस अपडेट केला तरी सेटिंग जाऊ शकतात, तेव्हाही तो कागद कामाला येईल. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका, केबल काढली तरी त्याच्या आत धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

यावरून कुणी विचारेल की भिंतीवरचं बटण बंद करणं वाईट का. अजिबात नाही. सगळ्यात पक्का उपाय तोच आहे आणि आपल्याकडे प्रत्येक प्लगला बटण असतं हे चांगलंच आहे. फक्त सेल लवकर संपतो एवढं लक्षात ठेवा, आणि विंडोज पूर्ण बंद व्हायच्या आत बटण दाबू नका, स्क्रीन काळी झाल्यावरही पंखा थांबेपर्यंत थांबा. आमच्याकडे त्याच स्पाइक गार्डवर वायफायचा राउटर आहे म्हणून बटण बंद केलं की नवऱ्याच्या फोनचं इंटरनेट जातं आणि तो पहाटेच्या लोकलचं बघायला उठतो तेव्हा चिडतो, त्यामुळे आम्हाला तो उपाय सोडावा लागला.

चौथी वेळ या वर्षीची. मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी वेबकॅम, माझं डिजिटल सिग्नेचरचं टोकन, प्रिंटर, पोर्ट पुरेनात म्हणून सात पोर्टांचा हब घेतला, स्वतःचा ॲडॅप्टर असलेला. कीबोर्ड-माउस त्याच्यात लावले. उघड आहे, हबला भिंतीतून वीज येते मग पीसी बंद झाला तरी त्याच्यात लावलेलं सगळं पेटलेलंच राहणार, ते मला समजलं आणि मी कीबोर्ड-माउस काढून परत पीसीच्या मागे लावले. तरी लाइट! आता या वेळी मंद होती, नेहमीपेक्षा बरीच मंद, पण होती. बायोस बघितलं, ठीक. फास्ट स्टार्टअप बंद. सेल तीन व्होल्ट. मग पीसीची केबलच ओढली, मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, कीबोर्ड मंद पेटलेलाच, आणि कॅबिनेटच्या जाळीतून बोर्डावरची ती बारीक हिरवी लाइटसुद्धा दिसत होती. भिंतीपासून तोडलेल्या पीसीत वीज! मी अंधारात त्या जाळीला डोळा लावून बसले होते, आई म्हणाल्या, "काय शोधतेयस एवढं?" मी एकेक यूएसबी केबल काढत गेले, वेबकॅम काढला, काही नाही, प्रिंटर काढला, काही नाही, हबची केबल काढली आणि दोन्ही लाइटी गेल्या.

हब उलटी वीज देत होता. यूएसबीच्या नियमाप्रमाणे हबने आपल्या ॲडॅप्टरची वीज खालच्या डिव्हाइसना द्यायची, पीसीच्या दिशेने वर चढू द्यायची नाही. पण काही हबांमध्ये ॲडॅप्टरची पाच व्होल्टची लाइन आणि पीसीकडून येणारी लाइन सरळ जोडलेल्या असतात, मध्ये अडवायला काही नसतं. मग पीसी बंद झाला की हबची वीज केबलमधून वर चढते आणि बोर्डाच्या पाच व्होल्टवर पसरते. नुसत्या उजेडाचा प्रश्न नाही हा. यामुळे पीसी कधी कधी नीट चालूच होत नाही, बटण दाबलं तर पंखा एकदा झटका देऊन थांबतो, किंवा बंद करून परत चालू केला तरी यूएसबी डिव्हाइस ओळखत नाही कारण ते खऱ्या अर्थाने बंदच झालेलं नसतं. स्वतःची वीज असलेलं कुठलंही यूएसबी डिव्हाइस हे करू शकतं. तपासायला सोपं आहे, हबचा ॲडॅप्टर लावा, पीसीकडे जाणारं टोक मोकळं ठेवा आणि त्या टोकावर मल्टिमीटरने व्होल्ट बघा, पाच दाखवले तर तो हब बदला. मल्टिमीटर नसेल तर माझ्यासारखं करा, पीसीची केबल काढून एकेक यूएसबी ओढा. दुकानदाराने हब बदलून दिला, नवीन घरी आणून आधी मोकळ्या टोकावर मीटर लावला, शून्य आलं तेव्हाच पीसीला जोडला. मॉनिटरच्या मागे यूएसबी पोर्ट असतात तेसुद्धा लक्षात ठेवा, तिथे लावलेल्या कीबोर्डला वीज मॉनिटर देतो, पीसी नाही, त्यामुळे तो पेटलेला राहत असेल तर सेटिंग मॉनिटरच्या मेनूमध्ये शोधायचं.

हबवर पोर्टागणिक बटण असलेलेही मिळतात आणि एखाद-दुसरं डिव्हाइसच बंद करायचं असेल, म्हणजे पंखा किंवा दिवा, तर ते बरे पडतात. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी यूहबसीटीएल नावाचा प्रोग्रॅम आहे, कमांडने एकेका पोर्टची वीज तोडतो, पण हबमध्येच तशी सोय असावी लागते आणि फार थोड्या हबांत ती असते, घ्यायच्या आधी यादीत मॉडेल बघा.

आता उलटा प्रश्न, कारण आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना नेमकं तेच हवं होतं. मी त्यांच्या पीसीवर हौसेने ईआरपी चालू करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी काका खाली आले, "अगं, माझा फोन रात्रभर लावला होता, सकाळी बारा टक्के!" ते रोज बंद पीसीवर फोन चार्ज करायचे. शिवाय ईआरपी चालू केलं की कीबोर्डने पीसी चालू करणं, नेटवर्कवरून पीसी जागा करणं हे सहसा बंद होतं, ऑफिसच्या पीसीवर घरून रिमोटने काम करणाऱ्यांनी हे सेटिंग न विचारता बदलू नका. काकांचं ईआरपी परत बंद केलं. त्यांच्या लाइटसाठी साधा माउस आणला, लाल लाइट नसलेला. फोन असा हळूच चार्ज होतो हे पण सांगितलं त्यांना, यूएसबी २ च्या पोर्टचा नियम ५०० मिलीअँपिअर म्हणजे अडीच वॅट आणि यूएसबी ३ चा ९०० म्हणजे साडेचार. स्टँडबाय लाइन एकूण किती अँपिअर देते ते एसएमपीएसच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, साधारण दोन ते तीन, त्यामुळे तीन-चार फोन एकदम लावायचे नाहीत.

ज्यांचा बोर्ड बराच जुना आहे त्यांना बायोसमध्ये ईआरपी मिळणार नाही. काही जुन्या बोर्डांवर यूएसबी पोर्टांजवळ तीन पिनांचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, असतो, एका बाजूला लावला की पोर्टांना साधी पाच व्होल्ट, दुसरीकडे लावला की स्टँडबायची. साध्या बाजूला लावला की पीसीबरोबर पोर्ट बंद. कुठली बाजू कोणती ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्येच बघा, अंदाजाने नको, आणि केबल काढूनच करा.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे सहसा एखादाच पोर्ट बंद असताना वीज देतो, त्याच्याजवळ विजेचं चिन्ह असतं, काही कंपन्या तो पिवळा किंवा लाल करतात पण रंगाचा पक्का नियम नाही. थिंकपॅडच्या बायोसमध्ये यूएसबीखाली ऑलवेज ऑन यूएसबी, डेलमध्ये यूएसबी पॉवरशेअर. ते बंद करा, नाहीतर नुसता माउस बाजूच्या पोर्टात लावा, तेवढ्यानेही काम होतं. बॅगेत ठेवलेला बंद लॅपटॉप सकाळी उघडल्यावर बॅटरी उतरलेली असेल आणि त्यात वायरलेस माउसचा डोंगल कायम लावलेला असेल तर हे एकदा बघाच.

माझ्याकडे सध्या ईआरपी एस फोर अधिक एस फाइव्हवर आहे, नवीन सेल आहे, हब तपासलेला आहे, आणि भिंतीवरचं बटण चालूच असतं, फक्त गावी जाताना मेन पाडतो. यंदा परत आल्यावर पहिल्यांदा तारीख बघितली, बरोबर होती.